मेफ्लॉवरवाल्या ब्रॅडफर्डची वही : बखर म्हणायची की दप्तर?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही बॉस्टनपासून तासाभरावर राहतो, प्लिमथ इथून जवळच. नोव्हेंबर आला की लेकीच्या शाळेत दरवर्षी तेच, कागदाच्या काळ्या टोप्या, टर्की आणि पिल्ग्रिम, म्हणजे प्लिमथला वसायला आलेले इंग्रज. यंदा ती सातवीत आहे आणि बाईंनी सांगितलंय की मूळ साधन वाचा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा ते लिहा. मूळ साधन म्हणजे विल्यम ब्रॅडफर्डचं 'ऑफ प्लिमथ प्लँटेशन'. तिच्यापेक्षा मीच जास्त वाचत बसले, भात दोनदा करपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा बाबा यॉर्कशरमधल्या ऑस्टरफील्ड गावचा, जन्म १५९० चा. इंग्लंडच्या सरकारी चर्चशी पटेना म्हणून त्यांचा गट आधी हॉलंडात लायडनला गेला, तिथे हा जाडंभरडं कापड विणून पोट भरायचा. मग १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ माणसं अमेरिकेला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातली जवळजवळ निम्मी गेली. पहिला गव्हर्नर एप्रिल १६२१ मध्ये वारला, त्याच्या जागी तिशीतला ब्रॅडफर्ड आला आणि मधली काही वर्षं सोडली तर म्हातारा होईपर्यंत कारभार त्याच्याकडेच. म्हणजे घडवणाराही हाच आणि लिहिणाराही हाच.

आता माझं अडतंय कुठे. त्याने लिहायला घेतलं १६३० मध्ये, आणि मोठा भाग तर त्याच्याही पंधरा-वीस वर्षांनी. शिवाय जिथे तिथे देवाचा हात. जहाजावर एक दांडगट खलाशी आजारी माणसांना शिव्या द्यायचा, तुमच्यातले निम्मे तरी मीच समुद्रात फेकणार म्हणायचा, तर तोच आधी आजारी पडून मेला आणि पहिला पाण्यात गेला, बघा देवाचा न्याय! असं असलं की मला शंका येते की जे या चौकटीत बसलं नाही ते याने गाळलं असणार.

आणि शेवटचं, जे डोक्यातून जात नाहीये. त्याची बायको डोरोथी ७ डिसेंबर १६२० ला वारली. जहाज केप कॉडच्या बंदरात नांगरलेलं, हा त्या वेळी होडीतून किनारा धुंडाळायला गेलेला, आणि ती पाण्यात पडून बुडाली. मुलगा लहान म्हणून लायडनलाच ठेवून आलेले. एवढ्या जाडजूड पुस्तकात त्या खलाशाला जागा आहे आणि बायकोबद्दल एक अक्षर नाही.

अशा माणसाच्या लिखाणाला साधन म्हणून किती वजन द्यायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

किरकिऱ्या

बखर. विषय संपला. चहा टाका.

शाईचा_डाग

किरकिऱ्या, एवढ्यात कसा संपेल, आत्ता तर कुठे शिळोप्याच्या गप्पा सुरू झाल्यात.

तळ्यातमळ्यात, प्रश्न आवडला. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांपासून एक शिस्त पडलीय की समकालीन अस्सल कागद वरच्या पाटावर आणि बखर खालच्या. कृष्णाजी सभासद स्वतः शिवाजी महाराजांच्या काळात वावरलेला माणूस, पण बखर लिहिली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९४ च्या आसपास, म्हणजे महाराज जाऊन चौदाएक वर्षं झाल्यावर. तरी आपण ती टाकून देत नाही, कागदांशी ताडून घेतो. त्या हिशेबाने ब्रॅडफर्ड बखरकारच.

पण थांबा, हा गडी बखरीच्या पोटात दप्तर, म्हणजे अस्सल कागदांचा गठ्ठा, घेऊन आलाय. त्याने पत्रंच्या पत्रं उतरवून काढलीत, आणि त्यातली काही त्याच्या स्वतःच्या अंगावर येणारी आहेत. माझं आवडतं उदाहरण सांगतो. १६२३ मध्ये यांचा सेनापती माइल्स स्टँडिश वेसागसेट नावाच्या ठिकाणी गेला आणि तिथल्या मूलनिवासी पुढाऱ्यांना दाराआड गाठून मारलं, एकाचं डोकं आणून प्लिमथच्या गढीवर लावलं. ब्रॅडफर्ड स्वतःच्या शब्दांत हे प्रकरण एवढंसं उरकतो. कट करणाऱ्यांपैकी काही प्रमुख कापले, पुढे चला. पण त्याच डिसेंबरात लायडनहून त्यांचे पाद्री जॉन रॉबिन्सन यांनी पत्र लिहिलं, त्यात चांगली खरडपट्टी आहे. कोणाला मारण्याआधी एखाद्याला तरी धर्माकडे वळवलं असतंत तर किती बरं झालं असतं, असं पाद्रीबुवा विचारतात, आणि तुमचा कॅप्टन तापट आहे त्याला आवरा म्हणतात. हे पत्र ब्रॅडफर्डने वहीत जसंच्या तसं ठेवलंय. वही त्याची, हात त्याचा, वगळलं असतं तर कोणाला कळलं असतं?

म्हणून मी त्याच्या निवेदनाला बारा आणे आणि त्याने उतरवलेल्या पत्रांना पंधरा आणे देतो.

तळ्यातमळ्यात

शाईदादा, हे पत्र मी वाचलं होतं पण असं पाहिलं नव्हतं. पण मग राहिलेला एक आणा कशाचा?

शाईचा_डाग

नक्कल करणाऱ्याचा. मूळ पत्र कुठे आहे आपल्यासमोर :) मेफ्लॉवर कॉम्पॅक्टचं, म्हणजे आपला कारभार मिळून चालवायचा त्यांनी केलेल्या कराराचं, तेच. ११ नोव्हेंबर १६२० ला जहाजावर सह्या झाल्या तो मूळ कागद गायब आहे. मजकूर आहे तो १६२२ च्या छापील वृत्तांतात आणि ब्रॅडफर्डच्या वहीत, आणि ४१ सह्यांची यादी तर त्याच्या भाच्याने, नॅथॅनिएल मॉर्टनने, १६६९ मध्ये छापली.

दुपारची_झोप

मला एवढंच सांगा, या पिल्ग्रिम लोकांनी पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला टर्की खाल्ली होती का नाही. दरवर्षी जावयाशी वाद होतो. आमच्याकडे तो सुकी टर्की करतो आणि वर इतिहास सांगतो.

बाभळीचा_काटा

दुपारची_झोप, जावईबापूंना सांगा की ब्रॅडफर्डच्या पुस्तकात ती मेजवानीच नाही! १६२१ च्या शरदात पीक आलं, मासे मिळाले, रानटर्की भरपूर होत्या, हरणाचं मांस होतं, एवढंच तो लिहितो. मेजवानी आहे एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात, जे १६२२ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तिथल्या मूलनिवासींचा प्रमुख मॅसासॉइट आपली नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस जेवणं चालली आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. विन्स्लो पक्षी म्हणतो, टर्की म्हणत नाही. टर्की एका वहीत, पंगत दुसऱ्या पत्रात, आणि लोकांनी दोन्ही एका ताटात वाढलं.

ज्या घटनेवर आज अख्ख्या देशाला सुट्टी मिळते ती गव्हर्नरला लिहावीशीही वाटली नाही. कोणती गोष्ट मोठी ते नंतरचे लोक ठरवतात. प्लिमथ रॉक म्हणून जो दगड पर्यटकांना दाखवतात त्याचाही वहीत पत्ता नाही. १७४१ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका आजोबांनी हाच तो दगड म्हणून सांगितलं, तिथून त्याची कीर्ती.

दुपारची_झोप

हसून हसून पुरेवाट. पाच हरणं पाहुण्यांनी आणली म्हणजे पाहुणेच डबा घेऊन आले की.

किरकिऱ्या

आमच्या सोसायटीतल्या कोजागिरीला असं कोणी येत नाही. येतात ते रिकामे डबे घेऊन.

सरळव्याज

सोसायटीवरून आठवलं. या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग कोणीच काढला नाही. पहिली तीन वर्षं यांच्याकडे सगळं सामायिक होतं, शेत सामायिक, धान्य सामायिक. परिणाम काय, उपासमार. ब्रॅडफर्ड स्पष्ट लिहितो की तरुण पोरं कुरकुरायची, दुसऱ्याच्या बायकापोरांसाठी आम्ही फुकट का राबायचं, आणि बायकांना परक्या पुरुषांचे कपडे धुणं, स्वयंपाक करणं म्हणजे गुलामी वाटायची. १६२३ मध्ये त्याने कुटुंबागणिक मक्याची जमीन वाटून दिली आणि लगेच बायकासुद्धा पोरं घेऊन शेतात गेल्या, पीक वाढलं. समाजवाद का चालत नाही याचा आँखों देखा पुरावा, तोही कार्ल मार्क्सच्या सव्वादोनशे वर्षं आधी. साधन म्हणून याहून भक्कम काय पाहिजे?

बाभळीचा_काटा

सरळव्याज, तुम्ही दिलेला उतारा खरा आहे, पण त्याच्या आजूबाजूचा कापून आणलात.

ते सामायिक शेत कुठल्या स्वप्नाळू विचारातून आलेलं नव्हतं. लंडनच्या व्यापाऱ्यांनी जहाजाला, सामानाला भांडवल घातलं होतं आणि करारच असा होता की सात वर्षं सगळी कमाई एका खात्यात, मग वाटणी. त्याला समाजवाद म्हणायचं की कंपनीची नोकरी ते तुम्हीच ठरवा. मला तर ते बाँड लिहून घेऊन परदेशी पाठवतात तसलं वाटतं. राबणारे इथे आणि मालक लंडनात.

आणि उपासमारीचं म्हणाल तर तोच ब्रॅडफर्ड सांगतो की नोव्हेंबर १६२१ मध्ये फॉर्च्युन जहाजातून आणखी ३५ माणसं उतरली आणि त्यांच्याकडे धड अंथरूण-पांघरूण नाही, खायला बिस्किटाचा तुकडा नाही. आधीच अर्ध्या पोटी असलेल्या घरात पस्तीस पाहुणे आले तर कुठलीही पद्धत कोलमडेल. जमीनही १६२३ मध्ये वापरायला दिली, वारसाहक्काने नाही. साधन भक्कम आहे हो, पण त्यातलं एकच पान फाडून खिशात घालून फिरायचं नसतं.

सरळव्याज

पण तो स्वतः प्लेटोचं नाव घेऊन म्हणतो की असली सामायिक मालकी मूर्खपणाची आहे! ते मी नाही लिहिलं, त्याने लिहिलं.

बाभळीचा_काटा

बरोबर, म्हणतो. म्हणजे *त्याचं मत* काय होतं याला तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. उपास कशाने घडले याला तो एक साक्षीदार आहे. या दोन गोष्टींत फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

आडनावात_काय_आहे

+१ बाभळीचा_काटा. हे वाक्य लेकीच्या प्रोजेक्टमध्ये ढापायला हरकत नाही.

गावकुसाबाहेरून

एवढ्या प्रतिसादांत ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडलं त्यांचा उल्लेख पाहुणे म्हणून आला, डबा घेऊन आलेले. म्हणून राहवलं नाही.

या वहीतलं सगळ्यात प्रसिद्ध वर्णन म्हणजे किनाऱ्यावर उतरले तेव्हाचं. भयाण ओसाड रान, त्यात रानटी जनावरं आणि रानटी माणसं. वाचणारा भारावून जातो. पण प्लिमथ जिथे वसलं तिथे आधी पटक्सेट नावाचं वाम्पानोआग लोकांचं गाव होतं, नांगरल्यासारखी साफ केलेली मक्याची शेतं होती. १६१६ ते १६१९ च्या साथीत गावंच्या गावं मेली. युरोपी जहाजांबरोबर आलेला रोग. स्क्वांटो म्हणजे टिस्क्वांटम त्याच गावचा. त्याला १६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या कप्तानाने पळवून स्पेनमध्ये मालागाला विकायला नेलं, तिथून तो लंडनला पोचला, आणि १६१९ मध्ये परत आला तर घरी कोणीच नाही. मक्याच्या बुडाशी मासे पुरायला यांना शिकवलं ते त्याने, स्वतःच्याच मेलेल्या गावाच्या जमिनीत. ब्रॅडफर्ड त्याच्याबद्दल लिहितो की देवाने आमच्या भल्यासाठी पाठवलेलं साधन. साधन! माणूस नाही. तुमच्या धाग्याच्या शीर्षकावरून आठवलं.

आणि १६३७ चं मिस्टिक. पीकॉट लोकांच्या गढीला पहाटे आग लावली, बाहेर पडेल त्याला कापलं. ब्रॅडफर्ड चारशे मेले म्हणतो. आगीत भाजणारी माणसं, रक्ताच्या धारांनी विझणारी आग, घाण वास, सगळं लिहितो आणि मग म्हणतो हा विजय म्हणजे देवाला गोड बळी वाटला. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. बारा आणे, पंधरा आणे करताना हेही तागडीत टाका.

तळ्यातमळ्यात

गावकुसाबाहेरून, तुम्ही म्हणता ते पटतं. लेकीने तो उतारा वाचला नाहीये अजून, द्यावा का नको ठरत नाहीये. पण एक सांगू, तो मिस्टिकला नव्हताच ना? प्लिमथने माणसं द्यायचं कबूल केलं होतं पण ती जायच्या आत सगळं संपलं. म्हणजे तो प्रसंग ऐकीव आहे.

गावकुसाबाहेरून

हो, ऐकीव. तरीही 'डोळ्यांनी पाहिलेला' म्हणून सगळीकडे उद्धृत होतो. कारण पुस्तकावर शिक्का बसलाय ना, प्रत्यक्षदर्शी.

शाईचा_डाग

गावकुसाबाहेरून, दंडवत. तुमच्या मुद्द्यात त्याच वहीतली भर घालतो. १६२१ च्या उन्हाळ्यात विन्स्लो आणि हॉपकिन्स मॅसासॉइटला भेटायला गेले. त्या प्रवासाचं लिहिताना ब्रॅडफर्डच सांगतो की साथीत एवढी माणसं मेली की पुरायला माणूस उरला नाही, जिथे त्यांची घरं होती तिथे कवट्या आणि हाडं अजून जमिनीवर पडलेली आहेत, बघवत नाही. भाग एकमध्ये 'ओसाड रान' आणि भाग दोनमध्ये 'त्यांची घरं होती तिथे'. एकाच हाताने लिहिलेलं. ओसाड नव्हतं, ओसाड *झालं* होतं, हे त्याच्याच शाईतून सिद्ध होतं. म्हणून असलं पुस्तक मिटायचं नाही, उलटं धरून वाचायचं.

गावकुसाबाहेरून

हे माहीत नव्हतं. पुन्हा उघडतो. मात्र वाम्पानोआग लोकांच्या स्वतःच्या भाषेतले सतराव्या-अठराव्या शतकातले कागदही आहेत, जमिनीची खतं, अर्ज वगैरे. त्यांचं काही लिहिलेलंच नाही म्हणून गोऱ्यांचं वाचावं लागतं असं कोणी म्हणू नये. जवळजवळ दीड शतक कोणी बोलत नसलेली ती भाषा याच कागदांवरून आणि १६६३ मध्ये छापलेल्या त्यांच्या भाषेतल्या बायबलवरून त्यांच्या वंशजांनी पुन्हा बोलती केलीय. आणि १९७० पासून ते प्लिमथमध्ये थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी शोकदिन पाळतात. लेकीला तेही दाखवा.

कटिंगचाय

वातावरण जरा गंभीर झालंय म्हणून. मला सामोसेटचा किस्सा आवडतो. मार्च १६२१, हे लोक भेदरलेले बसलेत आणि एक उघडाबंब माणूस सरळ वस्तीत चालत येऊन इंग्रजीत वेलकम म्हणतो. किनाऱ्यावरच्या मासेमारी जहाजांवरून शिकला होता. १६२२ च्या छापील वृत्तांतात लिहिलंय की त्याने बिअर मागितली! बिअर काही दिली नाही, कडक दारू, बिस्किट, लोणी, चीज, पुडिंग आणि बदकाचा तुकडा दिला. आता ब्रॅडफर्डच्या वहीत बघा, माणूस आहे, मोडकं इंग्रजी आहे, बिअर गायब. वीस-पंचवीस वर्षांत उडून गेली.

किरकिऱ्या

म्हणूनच म्हणतो समकालीन कागद वाचा. बखरीत बिअर टिकत नाही.

आडनावात_काय_आहे

अरे थॉमस मॉर्टनला कसे विसरलात! आजच्या क्विन्सीजवळ मेरीमाउंट नावाची त्याची वस्ती. १६२७ मध्ये त्याने ऐंशी फुटी पाइनचा खांब उभारला, वर हरणाची शिंगं, आणि भोवती नाच, दारू, मूलनिवासींसकट सगळे. ब्रॅडफर्डच्या लेखी हा अनाचाराचा राजा, वर मूलनिवासींना बंदुका विकणारा. मग स्टँडिश पकडायला गेला. ब्रॅडफर्ड म्हणतो की ते इतके झिंगलेले की बंदूक उचलवेना, जखमी झाला तो एकच, तोही दारूच्या नशेत दुसऱ्याच्या तलवारीच्या टोकावर स्वतःचं नाक आपटून घेतलं म्हणून.

मॉर्टनने १६३७ मध्ये ॲमस्टरडॅमला स्वतःचं पुस्तक छापलं आणि सगळं उलटं सांगितलं. मी रक्तपात टाळायला शरण गेलो, हे लोक ढोंगी, आणि स्टँडिशला नाव ठेवलं कॅप्टन श्रिंप! मूलनिवासी ख्रिश्चनांपेक्षा जास्त माणुसकीने वागतात असंही लिहिलं. दोघंही त्याच काळातले बरं का. आता बोला.

दुपारची_झोप

कॅप्टन कोळंबी. आजचा दिवस सत्कारणी लागला.

शाईचा_डाग

पण आडनावराव, मॉर्टनही धुतल्या तांदळासारखा नाही, त्याला यांच्यावर सूड उगवायचा होता आणि फरच्या व्यापारात दोघं एकमेकांचे भाऊबंद. भाऊबंदकीतले दोन्ही कागद समोर असले की जिथे दोघंही एकच सांगतात ते खरं धरायचं. खांब होता, नाच होता, स्टँडिश गेला होता, मॉर्टन पकडला गेला. नाकाचं ज्याचं त्याने बघावं.

पंचांगवाले_काका

अवांतर लिहितो, माफी असावी. तारखा देताना जपा. त्या काळी इंग्लंडात जुनं ज्युलियन कॅलेंडर, नव्याच्या दहा दिवस मागे. म्हणजे कॉम्पॅक्टची ११ नोव्हेंबर ही आजच्या हिशेबाने २१. वर त्यांचं वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतलं मरण आपण १६२१ चं म्हणतो ते त्यांच्या वहीत १६२० चं. आपल्या शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० घ्या. ब्रॅडफर्डने लेखणी उचलली ते हेच साल. पण इंग्रजी हिशेबात फेब्रुवारीत अजून १६२९च चालू.

किरकिऱ्या

काका, नको. तारीख की तिथी सुरू झालं तर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि कुलूप लागेल.

ओसरीवरची_पेटी

मला या वहीचा प्रवासच जास्त आवडतो. घराण्यात फिरत फिरत ती थॉमस प्रिन्स नावाच्या बॉस्टनच्या पाद्र्याकडे आली, त्याचा ग्रंथसंग्रह ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यात. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश सैन्याने त्या चर्चमध्ये घोडे फिरवले आणि त्याच गडबडीच्या काळात वही गेली ती गेलीच. मग १८४४ मध्ये एका इंग्रज पाद्र्याच्या पुस्तकात फुलम पॅलेसमधल्या कुठल्याशा हस्तलिखितातले उतारे छापून आले. ते ब्रॅडफर्डचेच आहेत हे बॉस्टनवाल्यांच्या लक्षात यायला १८५५ उजाडलं! लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत पडून होती. १८५६ मध्ये पहिल्यांदा अख्खी छापली आणि १८९७ मध्ये मूळ प्रत परत आली, आता मॅसॅच्युसेट्सच्या स्टेट लायब्ररीत आहे.

त्याहून वाईट गत त्याच्या पत्रांच्या वहीची. ती सापडली हॅलिफॅक्सला, नोव्हा स्कोशियात, एका किराणा दुकानात! पान ३३९ पासून पुढची थोडी. आधीची ३३८ पानं कशाकशाला गुंडाळली गेली देव जाणे. मला हे वाचून पोटात खड्डा पडला कारण आमच्याकडे हेच झालंय. आजोळी माडीवर पेटी होती, मोडीतले कागद, लाल रुमालात बांधलेले. मी नववीत असताना घर रंगवायला काढलं आणि मामाने पेटीला वाळवी लागलीय म्हणून रद्दीवाल्याला दिलं सगळं, चौदा किलो भरलं. वजन लक्षात आहे कारण काट्यावर मीच धरून उभी होते. पेटी मात्र ठेवली, तीत आता गाद्या आहेत.

पंचांगवाले_काका

चौदा किलो. वाचवत नाही हो.

आडनावात_काय_आहे

पेटीताई :( हे नाव का घेतलंत ते आज कळलं.

लिंबाची_फोड

वाचनमात्र होते, पण तळ्यातमळ्यात, तुमच्या मूळ प्रश्नाकडे कोणी आलंच नाही म्हणून लिहिते. शेवटचं ते, बायकोचं.

तुमचं एक वाक्य चुकलंय. एक अक्षर नाही असं नाही. पुस्तकाच्या अगदी शेवटी बघा, बऱ्याच आवृत्त्यांत परिशिष्ट म्हणून टाकलेलं असतं. त्याचं निवेदन १६४६ पाशी थांबतं, १६४७ आणि १६४८ चे नुसते मथळे आहेत, खाली काही नाही. मग १६५० च्या सुमारास तो साठीचा माणूस बसून मेफ्लॉवरवर कोण कोण होतं त्याची घराघरांनी यादी करतो. आणि त्यापुढे दुसरी यादी, त्यातलं कोण कधी मेलं, कोणाला किती मुलंनातवंडं झाली. त्यात ती आहे.

शिवाय प्रिन्सने १७३६ मध्ये छापलेल्या कालपटात ७ डिसेंबरची नोंद आहे, आणि ती त्याने ब्रॅडफर्डच्याच एका खिशातल्या वहीतून घेतली, जीत त्या हिवाळ्यातले मृत्यू दिवसागणिक टिपलेले होते. ती वही आता नाही. म्हणजे त्याने लिहिलं होतं, त्याच दिवसांत. इतिहासात घातलं नाही एवढंच. पडून बुडाली हे कॉटन मॅदरने १७०२ मध्ये छापलं. आणि तिने जीव दिला वगैरे जे नेटवर फिरतं ते १८६९ मध्ये एका मासिकात आलेल्या कथेतून पसरलेलं आहे, त्याला कागदाचा आधार नाही. तो गप्प राहिला आणि त्या रिकाम्या जागेत दोनशे वर्षांनी कोणीतरी कादंबरी भरली.

आणि गप्प राहणं म्हणाल तर त्या हिवाळ्याबद्दल लिहिताना तो स्वतःच्या आजारपणाचंही धड सांगत नाही. दिवसाला दोन-तीन माणसं मरत होती, सहा-सात जणच उभे होते, त्यांनी लाकडं आणली, चुली पेटवल्या, आजाऱ्यांचे घाण कपडे धुतले, हे सगळं सांगतो. त्यात नावं घेतो ती ब्रूस्टर आणि स्टँडिशची. तोच स्टँडिश, ज्याला आपण वर कोळंबी म्हणून हसलो.

बाभळीचा_काटा

लिंबाची_फोड, इतके दिवस कुठे होतात? वाचनखूण साठवलीय.

सरळव्याज

छान प्रतिसाद. (माझा मुद्दा कायम आहे, हलके घ्या.)

तळ्यातमळ्यात

आत्ता काढून बघितलं, लेकीला शेजारी बसवून. आमच्या प्रतीतही मागे होतंच, मी तिथवर पोचलेच नव्हते, यादी आहे म्हणून सोडून दिलं होतं.

पहिल्या यादीत आहे, विल्यम ब्रॅडफर्ड आणि त्याची बायको डोरोथी, एकच मूल, मुलगा, मागे ठेवलेला, तो नंतर आला. दुसऱ्या यादीत स्वतःबद्दलही त्याने इतरांसारखंच तिसऱ्या माणसासारखं लिहिलंय. आल्यावर लवकरच त्याची बायको वारली, त्याने पुन्हा लग्न केलं. मग मुलं. मग लगेच पुढचं घर.

लेकीने विचारलं, दुसऱ्या यादीत तिचं नाव का नाही, नुसतं बायको का? मी म्हटलं तूच लिही प्रोजेक्टमध्ये. ती आता दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून कोणाकोणाच्या बायकांची नावं पहिल्या यादीत आहेत ते पेन्सिलीने मोजतेय, आणि मिस्टिकचं पानही तिने स्वतःच शोधून काढलंय, मला न विचारता.

किरकिऱ्या

मोजून झालं की आकडा इथे टाका. तोवर मीच चहा टाकतो.